तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आता तक्रार करता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. २००६ साली तुम्ही बारा वर्षांचे होतात, चर्चमध्ये ऑल्टर बॉय, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी वेदीजवळ फादरना मदत करणारा मुलगा. तिथल्या फादरनी जवळजवळ वर्षभर तुमच्यासोबत जे केलं ते तुम्ही आजवर फक्त बायकोला सांगितलंय. ते फादर आता दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, आहेत आणि तिथे मुलांची शिबिरं घेतात. आई अजून त्यांचं नाव आदराने घेते, आठवीत तुम्ही अचानक चर्चला जाणं सोडलं म्हणून तिने तुम्हाला मारलंही होतं. आणि आता विचारताय की इतक्या वर्षांनी कायद्याने काही होतं का, की बिशप हाऊसला एक पत्र लिहून गप्प बसायचं.

मी गेली एकवीस वर्षं फौजदारी वकिली करतेय, त्यातली निम्म्याहून जास्त पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कोर्टात, पीडितांच्या बाजूने. फादर, महाराज, बुवा, मौलवी, आश्रमाचे ट्रस्टी, सगळ्यांच्या केसेस पाहिल्यात, त्यामुळे हे एकाच धर्मात होतं असं मला कुणी सांगू नये. पद्धत सगळीकडे तीच असते. आधी घरच्यांचा विश्वास, मग मुलाचं कौतुक, मग "हे देवाचं आणि आपल्या दोघांचं गुपित", आणि शेवटी पोराला वाटायला लागतं की पाप आपणच केलंय. तुम्ही लिहिलंय "मी तेव्हा ओरडलो नाही, परत परत जात राहिलो", तर हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की काय सांगू. बारा वर्षांच्या मुलाची संमती नावाची गोष्ट कायद्यात नसतेच, तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, त्यामुळे तो हिशेब डोक्यातून काढून टाका.

आता मुद्द्यावर येते. उशीर झाला म्हणजे संपलं असं नाहीये. पण तुमच्या बाबतीत सगळं दोन गोष्टींवर ठरणार, घटना कधी घडली आणि नेमकं काय घडलं. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला आणि तो मागच्या तारखेने लागत नाही. तुमची घटना २००६ ची, म्हणजे तिला त्यावेळची भारतीय दंड संहिता लागणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, फक्त तपासाची आणि कोर्टाची पद्धत नवीन कायद्याची. पोलीस स्टेशनला कुणी म्हणालं की "जुना कायदाच रद्द झाला, आता काही होत नाही", तर ते चूक आहे.

मुदतीचं असं आहे की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ फक्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना वेळेची मर्यादा घालतं, त्याहून गंभीर गुन्ह्याला मर्यादाच नाही. नवीन संहितेतही हेच ठेवलंय, कलम ५१४. मुलगी असती आणि बलात्कार असता तर ३७६, मुदत नाही. मुलग्यासाठी तेव्हा एकच मोठं कलम होतं, ३७७, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, म्हणजे मुदत नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, पण लहान मुलांवरचे आणि जबरदस्तीचे गुन्हे त्यात तसेच राहिले. पण (आणि हे मी गोड करून सांगणार नाही) ३७७ साठी शरीरात प्रवेश झालेला असणं लागायचं, मग तो तोंडात का असेना. नुसतं हात लावणं, कपडे काढायला लावणं, स्वतःला हात लावायला लावणं, या गोष्टींसाठी २०१२ च्या आधी मुलग्यांच्या बाजूने कायदा जवळपास रिकामाच होता, विनयभंगाचं कलम फक्त स्त्रियांसाठी आणि बाकीची किरकोळ कलमं मुदतीत अडकलेली. मुदत माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, न्यायासाठी गरजेचं वाटलं तर, पण वीस वर्षांची माफी मी तरी सहज मिळताना पाहिली नाही. नेमकं काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि लिहू पण नका, ते वकिलासमोर बसून सांगा, कारण तुमची केस उभी राहते की नाही ते त्याच दोन-तीन वाक्यांवर ठरणार आहे.

हीच घटना २०१२ नंतरची असती तर चित्र फार वेगळं असतं. पॉक्सोच्या कलम ५ मध्ये धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा स्टाफमधल्या माणसाने तिथल्या मुलावर शरीरात प्रवेश करून केलेला अत्याचार "गंभीर" धरलाय, विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाचा पण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी वीस वर्षं. मुलगा-मुलगी भेद नाही. नुसत्या स्पर्शालाही शिक्षा आहे आणि तो कपड्यावरून असला तरी चालतो, नागपूर खंडपीठाचा तो "त्वचेला त्वचा लागली पाहिजे" वाला निकाल सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. आणि पीडित मोठा झाल्यावर कधीही तक्रार करू शकतो, वयाची अट नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मुंबईत २०१५ साली तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार करणाऱ्या एका धर्मगुरूला डिसेंबर २०२१ मध्ये पॉक्सो कोर्टाने जन्मठेप दिली. सहा वर्षं लागली, पण दिली.

मग तुमच्या जुन्या घटनेचा उपयोग काय? खूप आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात, की ते आता शिबिरं घेतात. असं करणारा माणूस एकाच मुलावर थांबलेला मी क्वचित पाहिलाय. तुमच्यानंतरचं एखादं मूल २०१३ किंवा २०१८ मधलं असेल तर त्याची केस पॉक्सोमध्ये बसते. तुमची तक्रार आली की पोलिसांना त्या माणसाच्या जुन्या बदल्या, जुनी धर्मग्रामं तपासायला कारण मिळतं, आणि इतकी वर्षं एकटा समजणारा कुणीतरी पुढे येतो. आसारामच्या बाबतीत हेच झालं. ऑगस्ट २०१३ मध्ये एका अल्पवयीन मुलीने तक्रार केली, त्यात एप्रिल २०१८ मध्ये जोधपूर कोर्टाने जन्मठेप दिली. पण तिच्या तक्रारीनंतर दोनच महिन्यांत सुरतच्या एका महिलेने पुढे येऊन २००१ ते २००६ या काळातल्या घटनांची तक्रार दिली, आणि त्यात जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरच्या कोर्टाने वेगळी जन्मठेप दिली. म्हणजे जवळपास तुमच्याच काळातल्या घटना, वैद्यकीय पुरावा शिल्लक असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या जोधपूरच्या केसमधून अजून एक शिकण्यासारखं आहे. घटना राजस्थानातली, तक्रार घेतली दिल्लीच्या पोलिसांनी, झीरो एफआयआर. तुम्ही पुण्यात राहता, घटना दुसऱ्या जिल्ह्यातली, तर पुण्यातलं जवळचं पोलीस स्टेशन तक्रार घ्यायला बांधील आहे, आमच्या हद्दीत नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही. परत पाठवलं तर पोस्टाने एसपींना किंवा तुमच्याकडे कमिशनर असतील तर त्यांना, आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसकट.

पण पोलिसात जायच्या आधी एक काम घरी बसून करा. कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून जे आठवतं ते लिहा. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या सुट्टीत, नाताळच्या आधी, सहामाही परीक्षेनंतर, असं लिहा. जे आठवत नाही तिथे आठवत नाही लिहा. भर घालू नका आणि लाजेने काही गाळूही नका. याला मी इतकं महत्त्व का देते ते सांगते. केरळमधल्या एका ननने २०१८ साली बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार दिली होती, जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं आणि निकालात तिच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या जबाबांमधल्या विसंगतींवर बोट ठेवलं, त्यावर हायकोर्टात अपील झालं. त्या निकालाबद्दल माझं मत वेगळं आहे, माणूस आधी थोडंच सांगतो आणि धीर आला की बाकीचं सांगतो, हे या कामात असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण उलटतपासणीत तेच वापरलं जातं हेही खरं. म्हणून पहिला जबाब पूर्ण असावा.

पुरावा म्हणून काय चालतं असं विचाराल, तर जुन्या केसमध्ये छोट्या छोट्या गोष्टी चालतात. त्या वर्षाचे चर्चमधले फोटो, शिबिराचं पत्रक, त्या काळात ते फादर तिथे होते याची नोंद, शाळेचा दाखला, त्या वर्षी घसरलेले मार्क, बायकोला पहिल्यांदा कधी सांगितलं आणि तेव्हा तिने कुणाला मेसेज केला होता का, समुपदेशकाकडे गेला असाल तर त्यांची नोंद. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका, कारण मूळ फोन आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र लागतं. एकट्या पीडिताच्या विश्वासार्ह साक्षीवर शिक्षा होऊ शकते आणि लैंगिक गुन्ह्यात तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून केस खोटी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ पासून सांगितलंय, फक्त उशीर का झाला ते सरळ सांगता आलं पाहिजे. तुमचं कारण तर सरळच आहे, बारा वर्षांचं पोर आणि समोर ज्याच्या आई पाया पडते तो माणूस.

तरीही खरं सांगायचं तर जुन्या कलमाखालच्या केसमध्ये पॉक्सोसारखं आरोपीवर ओझं टाकणारं गृहीतक नाही, सगळं सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं, अटकपूर्व जामीन मिळायची शक्यता बरीच, आणि पाच-सहा वर्षं सहज जातात. तुमचं नाव गुप्त ठेवायची जी तरतूद आहे ती बलात्कार आणि पॉक्सोच्या पीडितांसाठी आहे, ३७७ च्या सज्ञान तक्रारदाराला ती आपोआप लागत नाही, त्यामुळे नाव झाकायला आणि बंद दाराआड सुनावणीला वकिलाकडून पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या. हे बरेच वकील विसरतात.

आता बिशप हाऊसचं. पत्र लिहायला माझी हरकत नाही, पण क्रम महत्त्वाचा. आधी वकील, मग पोलीस, मग संस्था. उलट केलं की काय होतं ते मी पाहिलंय. एका आईने आधी संस्थेला सांगितलं, त्यांनी चौकशी समिती नेमतो म्हणून चार महिने घालवले, तेवढ्यात तो माणूस दुसऱ्या राज्यात गेला आणि वसतिगृहाचं त्या वर्षाचं रजिस्टर सापडेनासं झालं. संस्थेची चौकशी म्हणजे पोलीस तपास नव्हे, मग ती कितीही चांगल्या मनाने केलेली असो.

मात्र चर्चचा स्वतःचा कायदा तुमच्या उपयोगाचा आहे आणि लोकांना तो माहीतच नसतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम काढले, २०२३ मध्ये ते कायम केले, त्यानुसार प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपच्या हाताखालचा भाग) अशी तक्रार घ्यायची उघड व्यवस्था असायला हवी आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहायचं बंधन घालता येत नाही. म्हणजे "हे बाहेर बोलणार नाही" अशा कागदावर सही मागितली तर करू नका, त्यांचेच नियम त्याला परवानगी देत नाहीत. चर्चच्या कायद्यात अल्पवयीनांवरच्या गुन्ह्याची मुदत पीडित अठरा वर्षांचा झाल्यापासून वीस वर्षं धरतात, म्हणजे तुम्ही अजून मुदतीत आहात, आणि यात नुसत्या स्पर्शाच्या गोष्टीही येतात ज्या ३७७ मध्ये येत नाहीत. शिक्षा म्हणून धर्मगुरूपद कायमचं काढून घेता येतं. तुरुंग नाही, पण शिबिरं बंद होतात. आश्रम, मठ, मदरसा इथे अशी वरपर्यंत जाणारी शिडी नसते, तिथे मग पोलिसांशिवाय धर्मादाय आयुक्त, आणि बुवाबाजी असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस किंवा माझ्या शक्तीने मूल होईल असं सांगून शरीरसंबंध ठेवणं हे त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. दाभोलकरांच्या खुनानंतर तो झाला आणि माझ्या मते अजून तो पुरेसा वापरला जात नाही.

शिबिरातल्या मुलांबद्दल मात्र थांबू नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर असा गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या किंवा होईल अशी भीती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवायलाच हवं. तुमची स्वतःची तक्रार कधी करायची ते तुमच्या हातात, पण ही माहिती १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला आजच देता येते. आणि एकदा तुम्ही पॅरिश कौन्सिलला (धर्मग्रामाच्या समितीला), प्रिन्सिपलला लेखी कळवलंत की त्यांच्यावरही जबाबदारी येते, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल माहीत असून कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रकार आहे. पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) ऐकलं म्हणून सांगत नाही, अशी सवलत आपल्या पुरावा कायद्यात धर्मगुरूंना नाही, ती वकिलांना आणि नवरा-बायकोला आहे.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेत चर्चवर दिवाणी दावे होतात आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने १,३५३ पीडितांसाठी ८८ कोटी डॉलर मान्य केले, हे वाचून बरेच जण मला विचारतात. तिथे कॅलिफोर्नियाने जुन्या दाव्यांची मुदत कायदा करून तीन वर्षं उघडून दिली होती. आपल्याकडे तसं काही नाही, अल्पवयीनाला सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, म्हणजे तुमची दिवाणी वाट एकविसाव्या वर्षीच बंद झाली. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिथून वकील मोफत हवा असेल तर १५१०० वर फोन करा. पण त्या फादरकडे किंवा संस्थेकडे स्वतः पैसे मागू नका, रागाच्या भरात, मेसेजवर, मित्रामार्फत, कसेच नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्यावरच खंडणीची तक्रार होते. ते स्वतःहून देऊ करतील तर तेही वकिलाशिवाय घेऊ नका. गुन्ह्याची तक्रार दाबण्यासाठी केलेला करार आपल्या करार कायद्यात मुळात रद्दच आहे, आणि पॉक्सोची केस आपसात मिटवून रद्द करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं.

बदनामीच्या दाव्याची धमकी येईल, नोटीस पण येईल. पोलिसांना दिलेली प्रामाणिक तक्रार ही बदनामी नसते. फेसबुकवर नाव टाकायचं मात्र सध्या टाळा, ते दाव्याच्या भीतीने नव्हे तर तिथलं प्रत्येक वाक्य उद्या उलटतपासणीत वाचून दाखवलं जाईल म्हणून. आणि खरोखर जिवाची भीती वाटली तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा. ती योजना आलीच आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले आणि खून झाले त्यातून.

राहता राहिली आई. तुम्ही म्हणता तिला यातलं काही कळू द्यायचं नाहीये. मला ते समजतं, पण तक्रार केलीत तर पोलीस तिचा जबाब घेणारच. २००६ मध्ये तुम्ही एकाएकी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सोडली, त्या फादरच्या घरासमोरून जायचं टाळायला लागलात, त्यावरून तिने मारलं, या सगळ्याची तीच एक साक्षीदार आहे, आणि तुमच्या केसमध्ये बाहेरून आधार देणारा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही. तो मार तिला नक्की आठवत असेल, कारण माहीत नसेल. ते तिला हवालदाराच्या फोनवरून कळायला नको. आधी तुम्ही सांगा, शक्यतो बायको सोबत असताना, आणि त्या दिवशी तिने विश्वास ठेवला नाही तर तिथेच वाद घालू नका, तिला दोन-चार दिवस द्या.